खिडकीजवळची खुर्ची

ती वकील नेमकी कोणत्या दिवशी झाली? हे टिपण लिहायला घेतले तेव्हा हा प्रश्न सर्वांत सोपा वाटला होता, आणि टिपण पुरे होईपर्यंत त्याचे उत्तर काही हाती लागले नाही. सनदेवरची तारीख १९९६ सालची आहे. तिच्या सासूबाई ती तारीख मानत नसत. सून स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून कलमे पाठ म्हणू लागली तेव्हाच वकील झाली, असे त्यांचे म्हणणे. फर्म ज्यांनी काढली त्या थोरल्या बाई त्याहून मागे जात आणि एका अपिलाचा दाखला देत. ज्याने तिच्याशी आयुष्यभर सर्वांत जास्त वाद घातले, तो तिचा सहकारी मात्र १९९८ मधल्या एका गुरुवारचे नाव घेई. त्या दिवशी ती न्यायालयात वकील म्हणून उभीच नव्हती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती.

फर्म म्हणजे काही फार मोठे प्रस्थ नव्हते. चष्म्यांच्या दुकानावरचा मजला, बावीस पायऱ्यांचा अरुंद जिना, तीन खोल्या, आणि मधल्या खोलीत दोन जुनी दारे जोडून केलेले लांबलचक टेबल. त्यातल्या एका दाराला कडीचे भोक तसेच राहिले होते. त्यात सगळे आपापल्या पेन्सिली उभ्या करून ठेवत. वकील चार, त्यांचा सगळा कारभार पाहणारे कारकूनकाका एक, आणि १९८१ सालापासून दाराशेजारच्या कोपऱ्यात टंकयंत्रावर बसणारी ती.

त्या वेळी ती चोवीस वर्षांची होती. लघुलिपीत तिचा हात असा चाले की बोलणाऱ्याचा श्वास संपे, तिची पेन्सिल थांबत नसे. फर्ममध्ये तिला सगळे 'खोडरबर' म्हणत. तिच्या कागदावर खाडाखोड कधीच दिसत नसे, हे त्या नावाचे एक कारण. दुसरे कारण वकिलांना जरा उशिरा कळले. वकील सांगत ते ती टंकित करत नसे. वकिलांना जे सांगायचे असावे ते करत असे. लांबलेले वाक्य ती वाटेतच तोडी, दोनदा आलेला मुद्दा एकदाच ठेवी, आणि कागद पुढ्यात आला की सांगणाऱ्याला आपण फारच मुद्देसूद बोललो असे वाटून बरे वाटे. अशी अकरा वर्षे गेली.

मग ते अपील आले. थोरल्या बाईंनी सांगताना एक कलम चुकीचे सांगितले होते, आणि मसुदा तपासणाऱ्या दोन्ही वकिलांच्या नजरेतून ते निसटले होते. सहीसाठी आलेल्या कागदावर मात्र कलम बरोबर होते. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे कोणी बदललं?"

कारकूनकाका उगाचच पेन्सिलीला टोक काढू लागले.

"मी," कोपऱ्यातून आवाज आला. "चुकलं का?"

"बरोबर आहे, हीच तर पंचाईत आहे. कायदा कुठं शिकलीस?"

"इथंच. तुम्ही सगळे बोलता ते कानावर पडतंच की."

"अकरा वर्षं कानावर पडतंय आणि पगार टंकलेखनाचा घेतेस?" बाई म्हणाल्या. "उद्यापासून सकाळच्या कॉलेजात जा. नाव घालून ये, मग कामाला बस."

"आणि सकाळचं टंकलेखन?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि ती कारकूनकाकांवर येऊन थांबली. काकांच्या हातातली पेन्सिल मोडली.

पुढची तीन वर्षे रोज सकाळी साडेदहापर्यंत कारकूनकाका दोन बोटांनी टंकलेखन करत. त्या काळात फर्ममधून बाहेर गेलेल्या अर्जांत जितक्या चुका झाल्या तितक्या आधीच्या पंधरा वर्षांत झाल्या नसतील. एका न्यायाधीशांनी तर भर कोर्टात विचारले होते की आपल्या कार्यालयात मांजर पाळले आहे काय. पण तिच्यापाशी कोणी चकार शब्द काढला नाही. घरी नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असे. त्याची वेळ ठरलेली नसे, म्हणून अभ्यास ऐकायला सासूबाई बसत. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई. सून पानेच्या पाने वाचून दाखवी आणि त्या शेवटी विचारत, "इतकी कलमं झाली, यात एकसुद्धा चांगला माणूस कसा नाही गं?"

"चांगल्या माणसाला कलम लागत नाही, आई."

"मग तुझं पोट कशावर भरणार?"

१९९६ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, तिला सनद मिळाली. टंकयंत्र कायमचे काकांच्या टेबलावर गेले आणि दारांच्या टेबलाशी पाचवी खुर्ची आली.

त्या टेबलाशी आणखी एक खुर्ची होती, ती कोणाचीच नव्हती. खिडकीजवळची, वेताची, बसले की करकरणारी. दर बुधवारी चहा झाला की थोरल्या बाई विचारत, "आज खिडकीत कोण?" ज्याच्या हातून कामात चूक झाली असेल त्याने तिथे बसून ती सांगायची. नियम दोनच होते. चूक सांगताना 'पण' म्हणायचे नाही. आणि चूक सांगणाऱ्याने मदतीला फर्ममधले कोणतेही एक माणूस निवडायचे. निवडलेल्याने, मग त्या खुद्द बाई का असेनात, हातातले काम बाजूला ठेवून चूक निस्तरेपर्यंत त्याच्यासोबत राहायचे. त्या खुर्चीत सर्वांत जास्त वेळा बाईच बसल्या होत्या. एकदा त्या चुकीच्या दालनात शिरून दुसऱ्याच कोणाच्या तरी दाव्यात वीस मिनिटे बोलल्या होत्या. ती हकिगत सांगून झाल्यावर, नियम मोडत नाही ना याचा अंदाज घेत, त्यांनी हळूच जोडले होते, "आणि जिंकले."

सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ती खिडकीत एकदाही बसली नव्हती. ही गोष्ट फर्ममधल्या ज्याच्या डोळ्यांवर सर्वांत आधी आली तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण वकिलीत पाच वर्षांनी मोठा. बोलण्याच्या वेगामुळे त्याला 'झटपट' म्हणत.

"खोडरबरताई, त्या खुर्चीला तुमच्यासाठी गादी शिवून घेऊ का? वेत टोचतो म्हणून बसत नसाल तर."

"तुझी बैठक मोडायला नको म्हणून बसत नाही," ती म्हणे. "दर बुधवारी तूच तर असतोस."

उत्तरे तिच्या जिभेवर असत. पण खरे सांगायचे तर ती नाकावर माशी बसू देत नव्हती. आपण टंकलेखक होतो, उशिरा आलो, आपल्या कागदावर डाग दिसला तर लोक म्हणतील की जागा चुकली; हे तिने मनाशी इतके घट्ट धरले होते की चूक होऊ न देणे हाच तिला वकिलीचा अर्थ वाटू लागला होता.

१९९८ च्या सुरुवातीला इस्त्रीवाल्या मावशींचा दावा आला आणि बाईंनी तो एकटीने चालवायला तिच्या हाती दिला. असा हा तिचा पहिलाच. मावशी एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली एकतीस वर्षे इस्त्रीचे दुकान चालवत होत्या. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, मागे कपड्यांच्या गठ्ठ्यांची मांडणी, आणि कोळशाची भलीमोठी इस्त्री. नव्या मालकाला जिन्याखालची जागा मोकळी हवी होती, म्हणून त्याने दावा लावला होता. त्याचे म्हणणे असे की मावशी काही वर्षांपूर्वी जागा सोडून गेल्या, त्यांच्या जागी त्यांची जाऊ घुसली, आणि सोडलेल्या जागेवर भाडेकरूचा हक्क राहत नाही.

मावशी जबानी द्यायला आल्या आणि दीड तास बोलत होत्या. बोलण्याला शेंडा ना बुडखा. मधे लेकीचे आजारपण, मधे जावेचा तापट स्वभाव, मधे वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा जळलेला शर्ट. ती लघुलिपीत सगळे उतरवून घेत होती. तो हाताचा मळ होता. नंतर त्या वहीवरून तिने प्रतिज्ञापत्र तयार केले, म्हणजे शपथेवर न्यायालयात द्यायचे मावशींचे म्हणणे. दीड तासाचे दीड पान झाले. त्यातले एक वाक्य तिला स्वतःला फार आवडले होते. 'सदर जागेचा मी गेली एकतीस वर्षे अखंड व निर्वेध उपभोग घेत आले आहे.'

फर्मची रीत अशी की सहीआधी कागद सही करणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याने 'म्हणजे काय?' विचारले की तिथले वाक्य बदलायचे. सहीच्या दिवशी मावशी निखारे पेटते ठेवून आल्या होत्या. "द्या लवकर, कुठं करायची सही? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," त्या म्हणाल्या. तिलाही ते तसेच वाटत होते. कागद वाचला गेला नाही.

एका मंगळवारी मावशींची उलटतपासणी सुरू झाली. मालकाचे वकील आवाज न चढवता बोलणारे, आणि म्हणूनच धोक्याचे.

"मावशी, एकतीस वर्षांत दुकान कधीच सोडलं नाहीत?"

"असं कसं म्हणू? लेकीकडं आठ महिने होते की. ती अंथरुणाला खिळली होती."

"आठ महिने. पण इथं तर 'अखंड' लिहिलंय. म्हणजे एकही दिवस खंड नाही."

"ते मी नाही लिहिलं."

"सही तुमची आहे ना?"

"सही माझीच."

"मग खोटं कोण बोलतंय? कागद, की तुम्ही?"

मावशींनी वळून तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. वाट चुकलेले माणूस कोपऱ्यावरच्या पाटीकडे पाहते तसे ते पाहणे होते. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिले आणि उरलेली तपासणी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारवर ढकलली.

बाहेर व्हरांड्यात मावशींनी तिला बाकावर बसवले आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"वकीलबाई, एक विचारू? मी तुम्हाला सांगितलं होतं ना आठ महिन्यांचं? का मीच विसरले?"

इथे गप्प राहता आले असते. वय झालेल्या माणसाच्या विसरण्यावर कोणीही विश्वास ठेवला असता, मावशींनी स्वतःसुद्धा.

"सांगितलं होतं, मावशी. मी लिहिलं नाही."

"मग बरं," मावशींनी सुटकेचा श्वास सोडला. "मला वाटलं, माझंच डोकं चालेना."

त्याच संध्याकाळी तिने लघुलिपीची वही काढली. तारीख होती, वर फर्मचा शिक्का होता, आणि पाच पाने भरून मावशी होत्या. आठ महिने तिसऱ्या पानावर. ते गाळताना आपण काय विचार केला होता हे तिला स्पष्ट आठवले: मुद्द्याला धरून नाही, वाक्य अडते, काढून टाकू. पण आता वकिलाच्या नजरेने वाचताना तिला दिसले की त्या आठ महिन्यांच्या पुढची दोन वाक्ये हाच मावशींचा सर्वांत भक्कम पुरावा होता. जागा सोडून जाणे आणि परत येण्यासाठी जाणे यांत कायदा फरक करतो, आणि तो फरक मावशींनी आपल्या तोंडाने, कोणी न विचारता सांगितला होता. दावा जिंकून देणारी वाक्ये तिने कागद नीटनेटका दिसावा म्हणून पुसली होती.

घरी सासूबाईंनी तोंडावरून ओळखले.

"हरलीस?"

"अजून नाही. एक बाई बोलली ते मी लिहिलंच नाही, आई."

"का?"

"नीट दिसेना म्हणून."

सासूबाईंनी चांगला कान पुढे केला. "मी बोलते ते तुला नीट वाटतं?"

"तुम्ही बोलता ते मी कुठं लिहून घेते!"

"म्हणून तर आपलं पटतं," सासूबाई म्हणाल्या आणि ताट वाढायला घेतले.

दुसऱ्या दिवशी बुधवार. चहा झाला. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आतच ती उठली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. वेत करकरला. कारकूनकाकांच्या हातातला कप हवेतच थांबला.

तिने सगळे सांगितले. प्रतिज्ञापत्र वाचून दाखवले नाही, हे सांगितले. आठ महिने गाळले, हे सांगितले. एकदाही 'पण' म्हटले नाही. मग वहीतली पाने उलगडून त्यात काय आहे ते वाचले.

झटपट पहिल्यांदाच सावकाश बोलला. "खोडरबरने या वेळी भलतंच खोडलं." मग लगेच मूळ वेगावर आला. "उपाय आहे. टंकलेखनातली चूक म्हणून दुरुस्तीचा अर्ज टाकू. एक ओळ राहून गेली, असं. रोज होतं ते. कोणाला काही वाटणार नाही."

"मी पंधरा वर्षं टंकलेखन केलंय," ती म्हणाली. "माझी ओळ कधी राहिली नाही. आता खोटी कशी राहू देऊ?"

"गर्व पाहा! ताई, अहो, वही हजर करायची म्हणजे ती कोणी लिहिली ते शपथेवर सांगावं लागणार. म्हणजे तुम्ही साक्षीदार. आणि स्वतःच्या दाव्यात वकील साक्षीदार होऊ शकत नाही. पहिला दावा हातचा जाईल. वर त्यांनी सनदेविरुद्ध तक्रार केली तर बालंट वेगळंच."

"ठाऊक आहे."

"सगळंच ठाऊक असेल तर बोला," बाई मधे पडल्या. "कोण हवं?" त्यांनी हातातले पेन आधीच टोपणात घातले होते. टेबलाशी कोणालाच शंका नव्हती की ती बाईंचे नाव घेणार.

"झटपट," ती म्हणाली.

झटपटने मागे वळून पाहिले, जणू त्याच्यामागे आणखी एखादा झटपट उभा असावा.

"मी? मी तर तुमची टर उडवतो."

"म्हणूनच. बाई मला वाचवायला बघतील. मला मावशींना वाचवणारा हवाय. आणि पिंजऱ्यात मला प्रश्न विचारताना तू दयामाया दाखवणार नाहीस, याची खात्री आहे."

बाईंनी पेन पुन्हा उघडले. "माझी निवड झाली नाही," त्या म्हणाल्या, "तर निदान बघायला येण्याची बंदी नाही ना?"

पुढचे सात दिवस झटपटने दुसऱ्या कोणत्याही कागदाला हात लावला नाही. निवडलेला माणूस तसे करतो, हे त्यालाही ठाऊक होते. त्याच्यासाठी इतरांनी कितीदा तरी तसे केले होते. सर्वांत आधी दोघे मावशींच्या दुकानी गेले आणि वहीतले बोलणे न्यायालयात उघड करायला त्यांची लेखी संमती घेतली. अर्थात आधी ती संमती दोनदा मोठ्याने वाचून. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि तिच्याकडे पाहून विचारले, "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी तिथं उभ्या राहणार, जिथं मी उभी होते?"

"तिथंच."

"कठड्याला धरा. उजवीकडचा हलतो."

गुरुवारी तिने आपले वकीलपत्र मागे घेतले आणि झटपटने स्वतःचे दिले. मावशींची उरलेली तपासणी संपल्यावर तिचे नाव पुकारले गेले. कारकूनकाका कार्यालय बंद करून आले होते. बाई शेवटच्या बाकावर होत्या. ती पिंजऱ्यात चढली आणि डावीकडचा कठडा धरला. जे घडले ते जसेच्या तसे सांगायचे होते, आणि हे काम ती चोवीस वर्षांची असल्यापासून करत आली होती.

झटपटने खरोखरच दयामाया दाखवली नाही. जबानी कोणी घेतली, आठ महिने कोणी गाळले, वाचून का दाखवले नाही, एकेक विचारले. मग समोरचे वकील उठले.

"म्हणजे अशील जे बोलली नाही ते तुम्ही तिच्या तोंडी घातलंत?"

"हो."

"शपथेच्या कागदात?"

"हो."

"आणि आज तुम्ही म्हणता म्हणून आम्ही विश्वास ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवू नका. वहीवर ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या पानांवर दुसऱ्या कामांच्या नोंदी आहेत. त्या झाकल्या आहेत. तारखा उघड्या ठेवल्यात."

न्यायाधीशांनी वही हातात घेतली. दुसऱ्या अशिलांची पाने तपकिरी कागद चिकटवून झाकलेली होती, फक्त वरच्या कोपऱ्यातल्या तारखा दिसत होत्या, ओळीने, एकामागून एक. मधल्या पाच पानांवर बारीक रेघा, आकडे आणि ठिपके.

"हे वाचणार कोण?"

"मी वाचू शकते."

"माझी हरकत आहे," समोरचे वकील म्हणाले. "साक्षीदारानंच लिहायचं आणि साक्षीदारानंच वाचायचं? या रेघांतून काय वाटेल ते निघेल."

हरकत योग्य होती, आणि क्षणभर सगळे तिथेच अडले. झटपट काही बोलायला उठला. तेवढ्यात न्यायाधीशांची नजर खाली, आपल्याच मंचाच्या पायथ्याशी बसलेल्या लघुलेखकांकडे गेली. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले; सत्तावीस वर्षे त्या दालनात लोकांचे बोलणे उतरवून घेत होते आणि त्यांना आजवर कोणी काही विचारले नव्हते.

"तुम्हाला वाचता येईल?"

लघुलेखकांनी वही डोळ्यांजवळ नेली, पाच पाने चाळली. "हीच पद्धत आम्ही शिकलो, साहेब. हात स्वच्छ आहे. येईल."

लघुलेखक उभे राहिले आणि सपाट, कोरड्या, सरकारी आवाजात वाचू लागले. त्यांच्या तोंडून मावशी बोलू लागल्या. मास्तरांचा जळलेला शर्ट आला. जावेचा तापटपणा आला. आणि तिसऱ्या पानावर:

"'लेक अंथरुणाला खिळली तेव्हा आठ महिने तिच्याकडं होते. दुकान जावेनं बघितलं. मी रोज दुपारी फोन करून विचारायची, कोणाचे कपडे आले, कोणाचे गेले. माझी इस्त्री फळीवरच ठेवून गेले होते. दुसरीकडं कुठं माझा हात चालत नाही तिच्याशिवाय. परत यायचं नसतं, तर आपला हात मागं ठेवून कोण जातं?'"

मग बाकावरून आवाज आला, "हां, हे मी बोलले."

"मधे बोलू नका," न्यायाधीश म्हणाले.

"बरं. पण हे मीच बोलले."

समोरचे वकीलसुद्धा हसले. लघुलेखक मात्र हसले नाहीत. त्यांनी चौथे पान उलटले आणि शेवटपर्यंत वाचले. कोर्टात त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला जात होता आणि त्यांना तो अर्धवट सोडायचा नव्हता.

निकाल दोन महिन्यांनी लागला. मावशी परत येण्यासाठीच गेल्या होत्या, जावेने दुकान त्यांच्या वतीने सांभाळले, सबब जागा सोडली असे म्हणता येत नाही, आणि मालकाचा दावा फेटाळला जातो. निकालपत्रात आणखी एक वाक्य होते: 'वकिलाने अशिलाचे म्हणणे मांडावे, ते सुशोभित करू नये, तथापि या वकिलाने आपली चूक स्वतः होऊन न्यायालयासमोर आणली, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.' सनदेविरुद्ध तक्रार झाली नाही. समोरच्या वकिलांनी पुढे वर्षभरात आपल्याच एका नातेवाइकाला तिच्याकडे पाठवले.

बुधवारी बाईंनी निकालपत्र टेबलावर ठेवले. "निकालपत्रात तुझं नाव पहिल्यांदा आलं," त्या म्हणाल्या, "आणि तेही रागावण्यासाठी. अभिनंदन."

"माझं नाव तर आलंच नाही," झटपट कुरकुरला. "जिंकलो मी, आणि छापून आल्या या."

"तू खिडकीत ये," ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुझ्या मदतीला मी."

त्यानंतरची तिची वकिली थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती एका सवयीवर उभी राहिली. तिच्याकडे आलेल्या माणसाची जबानी आधी त्याच्याच शब्दांत, अडखळण्यासकट, टंकित होई आणि त्याला वाचून दाखवली जाई. कायद्याची भाषा वेगळ्या कागदावर, नंतर. नव्याने येणाऱ्या वकिलांना हे वेळखाऊ वाटे. त्यांना ती एक जुने प्रतिज्ञापत्र वाचायला देई आणि विचारी की यात कोणते माणूस दिसते. दीड पान वाचून कोणालाच कोणी दिसत नसे. मग ती ते पाच पानांचे वाचन समोर ठेवी. साक्षीदारांना उभे करण्यात तिचा हातखंडा झाला. बुजरे, अडखळणारे, फाटे फोडत बोलणारे लोक तिच्याकडे मुद्दाम येऊ लागले. एकदा एका मोठ्या, लिफ्टच्या इमारतीतल्या फर्मने तिला बोलावणे धाडले. ती गेली, काचेच्या खोल्या पाहिल्या, सगळे आवडले. निघताना तिने विचारले, "तुमच्याकडं चूक झाली की कुठं बसतात?" समोरच्या गृहस्थांना प्रश्न समजला नाही. त्यांनी अगत्याने सांगितले की त्यांच्याकडे चुका होत नाहीत. ती बावीस पायऱ्या चढून परत आली.

त्या खुर्चीत ती पुढे पुष्कळदा बसली. मोजदाद कोणी ठेवली नाही, पण गादी शिवून आणली ती झटपटने, स्वतःहून, आणि तिला सांगितले की ही वयोमानानुसार दिलेली सवलत आहे.

मार्च २००९ मध्ये ती फर्मची भागीदार झाली, आणि भागीदारीचा करारनामा सहीआधी झटपटने तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मावशींचे दुकान ऑक्टोबर २०१३ पर्यंत त्याच जिन्याखाली चालू होते.